डंक आक्कांचा, हात क्रांतीचा

मार्च लागला की आमच्या गल्लीत माणसं एकमेकांना भेटल्यावर आधी शिंकतात आणि मग बोलतात. दारात पाहुणा आला आणि त्याला ठसका लागला की आम्ही पाण्याचा तांब्या पुढं करतो आणि जरा कौतुकानंच सांगतो, डंक सुरू झालेत. मी मंगळवार पेठेत जन्मले, इथल्याच शाळेत उभी हयात शिकवलं, आता निवृत्त होऊन गल्लीवर लक्ष ठेवून आहे. या ठसक्याशिवायचा उन्हाळा कसा असतो ते मला माहीत नाही.

डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. खाली उखळ, वर लोखंडी मुसळ. मोटार चालू केली की मुसळ वर जातं, धाडकन खाली येतं, आणि शेजारी बसलेली बाई दोन घावांच्या मधल्या वेळात चटणी वरखाली करत राहते. चटणी म्हटल्यावर पुण्यामुंबईचे लोक कोथिंबीर आणि खोबरं शोधायला लागतात. आमची चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं वर्षभराचं लाल तिखट. ती संपली तर त्या घरात पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही.

प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. कोणी संकेश्वरी मिरची जास्त घालतं, कोणी रंगासाठी ब्याडगीवर भर देतं, कोणाचा खोबऱ्याचा हात सढळ, कोणाच्यात तीळ चालत नाहीत. म्हणून इथं एक रीत आहे आणि ती कोणी मोडत नाही. ज्या घरची चटणी, त्या घरची बाई उखळापाशी बसणार. दागिने बँकेत ठेवून निर्धास्त घरी येणाऱ्या बायका आमच्यात आहेत, पण मिरच्या डंकावर टाकून बाजार करून येते म्हणणारी एक सापडायची नाही. नाकातोंडाला पदर बांधून, डोळे पुसत, शेवटची चिमूट आपल्या डब्यात पडेपर्यंत ती तिथंच बसते.

मला सांगायचं आहे ते क्रांतीबद्दल. क्रांती मगदूम, वय चाळिशीच्या आसपास, माहेर गडमुडशिंगी. तिचे वडील पिराजी हे मोर्चातले माणूस. उसाच्या दरापासून पाण्याच्या पाळीपर्यंत कुठलाही मोर्चा असो, पिराजी पुढच्या रांगेत. मुलगी झाली तेव्हाही ते कलेक्टर कचेरीसमोर बसले होते म्हणे, आणि तिथंच त्यांनी तिचं नाव ठरवलं. अशा नावाची मुलगी सासरी आली ती मात्र अगदी गरीब गाय. घरात पंखा लावायचा तरी आधी सासूकडं बघायची. आम्ही गल्लीतल्या बायका तिच्या नावावरून मनसोक्त चेष्टा करायचो, आणि ती आमच्याबरोबर हसायची.

तिची सासू म्हणजे आक्का. खरं नाव बायडाबाई, पण ते आता रेशनकार्डापुरतंच उरलंय. आक्कांबद्दल वाईट लिहायला माझा हात वळणार नाही. नवरा गेला तेव्हा त्यांच्या पदरात लहान सम्राट होता, आणि दीर-जावा घरात मान खाली घालून राहा म्हणत होते. आक्कांनी मान खाली घातली नाही. घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये डंक बसवला आणि त्याच्या जोरावर मुलगा वाढवला. तेव्हापासून त्यांनी कोणाचं ऐकलं नाही, आणि मला ते फार आवडायचं. पण मी एक गोष्ट बघत आले आहे. ज्यानं आपलं आपण मिळवलेलं असतं, त्याला आपल्या शेजारी बसलेल्या माणसालाही तसंच काही हवं असेल, हे चटकन सुचत नाही. त्याला वाटतं, मी आहे की सगळ्यांसाठी.

सम्राट दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. नावाचा सम्राट, पण आईपुढं प्रजा आणि बायकोपुढंही प्रजा. माणूस मात्र सोन्यासारखा.

लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात क्रांती डंकावर बसली, आणि दोन-तीन हंगामांत गल्लीला कळलं की ही काही वेगळीच आहे. प्रत्येक बाईला ती आधी विचारायची, बारीक हवी का भरड. मुसळाच्या आवाजावरून तिला चटणीला तेल सुटलेलं समजायचं. कुटून झालं की ती उखळाच्या कडा, तळ, मुसळाचं टोक असं सगळं खरवडून, पुसून डब्यात टाकायची. तुझ्या घरचं तुझ्या घरी, असं म्हणायची आणि मगच पुढच्या बाईला बोलवायची. हळूहळू बायका आक्कांच्या डंकावर जाते असं म्हणेनाशा झाल्या. क्रांतीकडं जाते म्हणू लागल्या. आक्कांच्या कानावर हे जात होतं की नाही, कोण जाणे.

पण या कामाला काम म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती. एकदा माझ्या समोरच कोणी लांबच्या पाहुण्यांनी आक्कांना विचारलं, सून काय करते. आक्का म्हणाल्या, काय न्हाय, घरातच असती. त्या वेळी क्रांती त्यांच्या पाठीमागं कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनी चटणी चाळत होती. तिनं वर बघितलं नाही. मीच चिडले, आणि माझं चिडणं नेहमीप्रमाणं घरी येऊन नवऱ्यावर निघालं.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या पेठेतल्या उपाध्येकाकू जैन. त्यांच्या चटणीत कांदा नाही, लसूण नाही. अशा घरांसाठी क्रांतीनं स्वतःची एक रीत पाडली होती. आदल्या संध्याकाळी उखळ नि मुसळ कढत पाण्यानं धुवायचं, रात्रभर वाळू द्यायचं, आणि सकाळची पहिली चटणी त्यांची. त्या दिवशी मात्र काकू भर दुपारी आल्या. त्यांची लेक अंतरा नोकरीसाठी बेंगळुरूला निघाली होती, दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती, आणि पोरीला घरची चटणी बरोबर द्यायची होती. मी माझ्या मिरच्यांचा नंबर लावून तिथंच बसले होते, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

उखळातून तेवढ्यातच एका खानावळीची चटणी निघाली होती, लसणानं नुसती घमघमत. आक्का क्रांतीला म्हणाल्या, कापडानं पुसून घे आणि काकूंचं लगेच करून दे, उन्हातनं आल्यात. आक्कांच्या मनात फसवायचं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पुसलं की झालं, असं त्यांना खरोखरच वाटत होतं. आणि दारात आलेल्या बाईला परत पाठवणं त्यांच्या जिवावर यायचं.

क्रांतीनं मोटार बंद केली. आक्कांना काही न बोलता ती काकूंना म्हणाली, "काकू, ह्या उखळात आत्ताच लसूण कुटलाय. पुसून वास जाईल, लसूण जायचा न्हाय. उद्या सकाळी या, पोरीची गाडी चुकू देत न्हाय मी."

काकू होय-नाही म्हणेपर्यंत आक्कांचा आवाज चढला. सगळ्या बायकांसमोर सुनेनं आपला शब्द मोडला, हे त्यांना लागलं.

"डंक कुनाचा हाय?"

"तुमचा की आत्या." सासूला ती आत्या म्हणते.

"मग मी सांगतो तसं कर."

"डंक तुमचा हाय. हात माझं हायत. ह्या हातांनी ते व्हायचं न्हाय."

"मग ऊठ तिथनं."

आक्कांच्या तोंडी ‘मी सांगतो’ वाचून कोणी गोंधळू नये. आमच्याकडं बायकाही मी येतो, मी जातो असंच बोलतात. बाहेरचे हसतात, हसू देत. तर, ऊठ हे आक्का रागाच्या भरात म्हणाल्या. अशी वाक्यं घराघरात बोलली जातात आणि संध्याकाळपर्यंत विरून जातात. क्रांती मात्र खरंच उठली. हात धुतले, पदर सोडला, माझ्या मिरच्यांच्या पिशवीकडं बघून म्हणाली, बाई, तुमचं र्‍हायलं. आणि शेडमधून बाहेर पडली. आम्हाला वाटलं, घरात गेली. ती घरात गेली नव्हती. ती मागच्या गल्लीत गुंडू चौगल्याच्या डंकावर गेली होती.

गुंडूचा डंक त्याला त्याच्या स्वतःच्या आत्याकडून मिळालेला. त्याला स्वतःला चटणीपेक्षा कुस्तीच्या गप्पांत रस. दिवसातला बराच वेळ तो तालमीच्या कट्ट्यावर सापडायचा, आणि गिऱ्हाइकं त्याला तिथून हाक मारून आणायची. क्रांतीनं त्याला सरळ विचारलं, कामावर घेताय का. गुंडूला वाटलं, चेष्टा आहे. मग वाटलं, घरात भांडण झालंय. तो म्हणाला, वहिनी, आक्का मला जित्ता सोडायच्या न्हाईत. तिनं सांगितलं की भांडण नाही, काम पाहिजे. पगार रीतीप्रमाणं द्यावा. पण एक गोष्ट आधी कबूल करावी. कुटायचं कसं, उखळ कधी धुवायचं, कोणाला कधी बोलवायचं, हे ती ठरवणार. गुंडूला हे ऐकून आनंदच झाला असणार, कारण असलं काही ठरवण्याचा त्याला मनापासून कंटाळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या धुतलेल्या उखळात पहिली चटणी निरोपावरून आलेल्या उपाध्येकाकूंची पडली, आणि अंतरा डबा घेऊन दुपारच्या गाडीनं गेली.

गल्लीत बोंबाबोंब झाली ती त्यानंतर. डंकवाल्यांची सून दुसऱ्याच्या डंकावर रोजगारी. असं कोणी ऐकलं नव्हतं. भांडून माहेरी गेली असती तर लोकांना समजलं असतं. वेगळी चूल मांडली असती तरी समजलं असतं. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती त्याच घरात राहिली. सकाळी उठून आक्कांना चहा द्यायची, भाकरी थापायची, आणि मग दोघी एकाच दारातून बाहेर पडायच्या. आक्का समोरच्या शेडमध्ये शिरायच्या, क्रांती कोपऱ्यावरून वळायची. संध्याकाळी पुन्हा एकाच स्वयंपाकघरात. भाजीत मीठ किती, सम्राट किती वाजता येणार, पाणी आलं का, सगळं बोलायच्या. डंकाबद्दल मात्र दोघीही अवाक्षर काढत नव्हत्या. रोज भांड्यांचा आवाज ऐकायला कान लावून बसलेल्या गल्लीची फार निराशा झाली.

पण हे सोपं होतं असं कोणी समजू नये. आक्कांनी सम्राटकडून निरोप दिला, त्या डंकावर जायचं बंद कर, न्हायतर. त्या न्हायतरच्या पुढचं काही बायकोला सांगायचं धाडस सम्राटला झालं नाही, पण क्रांतीला ते कळलं होतं. वीसएक वर्षांचं घर होतं ते तिचं. तिला दुसरीकडं जायला जागा नव्हती, आणि जायचंही नव्हतं. त्या दिवसांत तिचं तोंड उतरलेलं असायचं. मी विचारलं की म्हणायची, झोप न्हाय लागत. एवढंच.

मग पिराजी आले, लेकीची समजूत घालायला. आयुष्यभर घोषणा देऊन घोगरा झालेल्या आवाजात ते म्हणाले, "पोरी, घरात मोर्चा काढायचा नसतो." मी तिथंच होते, मला हसावं का रडावं कळेना. क्रांतीनं बापासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, मोर्चा कुठं काढलाय? मी कामाला जातोय." पिराजी चहा पिऊन निघून गेले. जाताना मात्र गुंडूच्या डंकावरून गेले, आणि लांब उभं राहून आतला मुसळाचा आवाज ऐकत राहिले.

माझ्या मिरच्यांचं काय करायचं, हा माझ्यापुढचा पेच. आक्कांशी जन्माची ओळख, त्यांच्या दारावरून पिशवी घेऊन जायचं कसं. शेवटी मी दारावरूनच गेले. मागच्या बोळातून लपून जाणं माझ्या स्वभावात नाही. आक्का शेडच्या दारात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, बाई, वाट चुकलासा काय. मी म्हटलं, नाही, क्रांतीकडं चालले. त्यांनी मान फिरवली. मला वाईट वाटलं, पण चटणी वर्षभर खायची असते.

गुंडूच्या डंकावर क्रांतीजवळ बसले आणि मला राहवलं नाही. मी पगारी माणूस. कोणत्या तासाला कोणत्या वर्गात जायचं इथपासून कोणत्या रंगाच्या पेनानं तपासायचं इथपर्यंत मला आयुष्यभर कोणीतरी सांगत आलं. मी तिला म्हटलं, अगं, घरचा डंक सोडून दुसऱ्याची नोकरी धरलीस, यात तू मोकळी कुठं झालीस? मालक तर आहेच की डोक्यावर.

ती हात न थांबवता बोलत होती, आणि मुसळाच्या आवाजात मला तिच्याकडं झुकून ऐकावं लागत होतं. "बाई, मालक कुनाला न्हाय? गुंडूदादाला न्हाय व्हय, वीजबिलवाला? पन हितं माझ्या कामात माझा शब्द चालतोय. तितं मी दिसभर राबलो तरी ते काम माझं नव्हतं. आत्याचं होतं. चांगलं झालं तर आत्याचं, वाईट झालं तर माझं." मग जरा थांबून म्हणाली, "आनि संध्याकाळी दमल्यावर मला म्हनता येतंय, मी दमलोय. घरच्या डंकावर दमायला सुद्धा येत नव्हतं."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. दरमहा पगार घेऊन, रजेचे अर्ज लिहून, निवृत्तीचा नारळ घेऊन मी बाहेर पडले, पण कोणाला कधी असं तोंडावर म्हणाले नव्हते की या हातांनी हे व्हायचं नाही.

गुंडूनंही एकदा तिला आजमावून बघितलं. त्याच्या तालमीतल्या दोस्ताचं हॉटेल होतं, त्याची पोती घेऊन टेम्पो आला. गुंडू म्हणाला, वहिनी, आधी हे घ्या. रांगेत एक म्हातारी सकाळपासून बसलेली. क्रांती म्हणाली, आजीचं झाल्यावर. गुंडू कुरकुरला, दोस्तासमोर नाक कापलं म्हणाला, आणि कट्ट्यावर निघून गेला. पण शब्द दिला होता तो त्यानं पाळला. हॉटेलवालाही थांबला, आणि पुढच्या वेळी लवकर आला.

इकडं आक्कांनी इचलकरंजीकडचा एक माणूस कामाला ठेवला. तो भराभर कुटायचा, गाणी लावायचा, आणि कोणाचं काय तळाला राहिलं याची त्याला फिकीर नव्हती. बायका एक-एक करून कमी झाल्या. आक्का दारात बसून बघत होत्या. त्यांचे गुडघे गेलेले, त्यांना स्वतःला उखळापाशी मांडी घालून बसणं जमत नव्हतं. मगदुमांच्या घरची स्वतःची चटणी नेहमी हंगामाच्या शेवटी कुटायची असते, गिऱ्हाइकं संपल्यावर. मे महिना सरत आला, वळवाचे ढग यायला लागले, मिरच्या वाळून डब्यात पडून होत्या, आणि आक्का त्यांना हात लावेनात.

एका सकाळी मी गुंडूच्या डंकावर धण्याचं काहीतरी निमित्त काढून गेले होते. पाहते तर दारात आक्का, काखेत डबा, रिक्षावाल्याचा हात धरून उतरताहेत. एवढ्याशा अंतराला रिक्षा केली होती. आतल्या बायका सरकून जागा करू लागल्या. गुंडू तर उठून उभाच राहिला.

आक्का रांगेत बसल्या. पुढं दोन बायका होत्या. त्यांनी आक्कांना आधी जा म्हणून खुणावलं, पण आक्का हलल्या नाहीत. क्रांतीनंही बोलावलं नाही. तिनं एकीचं कुटलं, उखळ खरवडलं, दुसरीचं कुटलं, पुन्हा खरवडलं. मग आक्कांचा नंबर आला. आक्का सरकून उखळापाशी बसल्या, गिऱ्हाइकाच्या जागेवर. क्रांतीनं डबा उघडला आणि सगळ्यांना विचारते तसं विचारलं, बारीक का भरड.

इतकी वर्षं त्या घरची चटणी तिनं कुटली, पण हा प्रश्न आक्कांना कधी विचारला गेला नव्हता, कारण तिथं विचारायची गरजच नव्हती, आक्का सांगायच्या. आता त्यांना उत्तर द्यावं लागलं. त्या हळूच म्हणाल्या, भरड. मुसळ पडत राहिलं, आक्का डोळे पुसत राहिल्या. तिथं सगळेच डोळे पुसतात, त्यामुळं त्यांना ते सोपं गेलं असावं.

चटणी डब्यात भरून झाली तेव्हा गुंडूला राहवलं नाही. तो हसत म्हणाला, आक्का, सुनंला न्यायला आलासा व्हय?

"सून घरातच हाय माझी," आक्का म्हणाल्या. "चटणी कुटनारीला इचारायला आलोय. माझ्या डंकावर येतीस का?"

मला वाटलं, आता ही रडणार, पाया पडणार, आणि डबा उचलून सासूच्या मागून निघणार. गल्लीतल्या सगळ्यांना तेच वाटलं असतं. क्रांतीनं पदरानं तोंड पुसलं. ती म्हणाली, "हा हंगाम गुंडूदादाचा हाय. त्यास्नी शब्द दिलाय मी. म्होरल्या हंगामाला इचारा."

आक्कांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता. त्यांनी डबा काखेत मारला, कुटायचे जे द्यायचे ते गुंडूच्या हातात ठेवले आणि रिक्षात बसल्या. त्या संध्याकाळी मगदुमांच्या घरी नव्या चटणीचं झणझणीत कालवण झालं, असं सम्राटनंच मला सांगितलं. दोघी जेवल्या, म्हणाला, आणि एकीनंही विषय काढला नाही. न्हायतरचा निरोप मात्र त्यानंतर आला नाही.

पाऊस झाला, गणपती झाले, दिवाळी झाली. वर्षभर सासू-सून एका ताटलीतल्या भाकऱ्या खात होत्या. क्रांती हंगाम नसताना गुंडूच्या डंकावर हळद, शिकेकाई कुटायला जात राहिली. मला वाटायचं, आक्का कधीतरी चहा पिता पिता सहज म्हणतील, ये आता, झालं गेलं. तसं काही झालं नाही. मी क्रांतीला विचारलंही. ती म्हणाली, त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी लक्ष्मीपुरीच्या बाजारात नव्या मिरच्या आल्या. त्यानंतर दोन-तीन दिवसांत आक्का पुन्हा गुंडूच्या डंकावर आल्या. या वेळी काखेत डबा नव्हता. अंगावर जरा ठेवणीतलं लुगडं होतं, आणि रिक्षा न करता काठी टेकत चालत आल्या होत्या. गुंडूनं खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. सकाळी ज्या बाईच्या हातचा चहा घेऊन त्या घरातून निघाल्या होत्या, तिच्याचसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हंगाम सुरू व्हायचाय. येतीस का?"

क्रांतीनं गुंडूकडं बघितलं. गुंडूनं तोंड वाकडं केलं, पण मान हलवली. त्याला ती आधीच बोलली असावी. मग तिनं हात पुसले आणि आक्कांसमोर उभी राहिली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"येतो की आत्या. पन कुटायचं कसं, ते मी ठरवनार."

"म्हनूनच इचारायला आलोय," आक्का म्हणाल्या. "हुकूमच सोडायचा असता तर घरातनं सोडला असता."